अतिदीर्घ बिनतारी लहरी व घरगुती एरियल

वैशाख सरतां सरतां वऱ्हाडांत जो वळवाचा पाऊस येतो, त्याची वर्दी पुष्कळदां ढगांच्याहि आधीं रेडिओस लागत असे. ज्यांच्या घरीं मध्यम लहरींचा जुना रेडिओ होता त्यांस हें ठाऊक असेल. नागपूर केंद्रावरील गाण्यांत मधूनमधून ‘कड्‌, कर्रर्र, कड्‌’ असा आवाज येऊं लागला, कीं घरांतील वडील माणसें अंगणांतलें वाळवण उचलावयास सांगत. आणि आभाळ अद्याप निरभ्र असतांना हें यांस कसें कळलें म्हणून मुलें चकित होत. तो आवाज यंत्राच्या दोषाचा नव्हे. तो दूरवर चमकलेल्या विजेचा बिनतारी संदेश होय. पाठविणारा मनुष्य नाहीं, एवढाच काय तो भेद. हा संदेश कोणत्या लहरींवरून येतो, त्या लहरी मनुष्यानें स्वतः उत्पन्न करावयाच्या म्हटल्यास त्याची कशी तारांबळ उडते, आणि त्या ऐकावयाच्या म्हटल्यास मात्र वाशीमच्या एखाद्या विद्यार्थ्यास आपल्या घरच्या माळवदावर काय करतां येईल, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. परीक्षेस हा भाग नाहीं. म्हणूनच तो निवांतपणें वाचावा.

प्रथम थोडें गणित. बिनतारी लहर एका सेकंदांत तीन लक्ष किलोमीटर जाते. तेवढ्या अवधींत जितकीं कंपनें होतात त्या संख्येनें तीन लक्षांस भागिलें, कीं एका लहरीची लांबी येते. नागपूर केंद्राची मध्यम लहरींवरील जागा ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदास ५,८५,००० कंपनें; ज्यास पूर्वीचे लोक किलोसायकल म्हणत तेंच हें. भागाकार केल्यास लहरीची लांबी सुमारें ५१३ मीटर येते. आतां कंपनें कमी करीत चला. ३० किलोहर्ट्झपासून खालीं ३ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यास शास्त्रांत अतिनीच कंपनांचा पट्टा म्हणतात. तेथें लहरीची लांबी १० किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंत जाते. या पट्ट्यांतील एकच लहर वाशीम शहरावर आडवी टाकिली तर तिचीं दोन्ही टोकें शिवाराबाहेर पडतील.

येथेंच अडचण सुरू होते. तारेंतून लहर चांगल्या रीतीनें बाहेर पडावी, तर ती उभी तार लहरीच्या निदान चतुर्थांशाइतकी उंच असावी असा नियम आहे. ५१३ मीटरांचा चतुर्थांश १२८ मीटर; इतका मनोरा माणसास उभारतां येतो. परंतु १८ किलोहर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांश चार किलोमीटरांहून अधिक भरतो. एवढा मनोरा पृथ्वीवर कोठेंहि नाहीं. तेव्हां या पट्ट्यांत मनुष्याची प्रत्येक एरियल आंखूडच. किती आंखूड, एवढाच प्रश्न उरतो.

बिनतारीच्या आरंभकाळीं मात्र मोठमोठ्या इंजिनियरांचा भरंवसा दीर्घ लहरींवरच होता. १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनीनें न्यूफाउंडलंडांतील सिग्नल हिल येथें अटलांटिकपलीकडील संकेत ऐकला, तो पतंगास बांधून वर सोडलेल्या सुमारें १५० मीटर तारेनें. त्या संकेतांत मोर्स लिपींतील तीन टिंबांच्या एका अक्षराहून अधिक कांहीं नव्हतें. अंतर वाढवावयाचें तर लहर लांब हवी, लहर लांब तर मनोरे उंच हवेत, आणि मनोरे उंच तर खजिना मोठा हवा, अशी ती सांखळी होती. स्वीडनमध्यें ग्रिमेटन येथें १९२४ सालीं सुरू झालेलें केंद्र त्या युगाचा उत्तम नमुना आहे. तेथें १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे असून लहरी उत्पन्न करण्यास दिवे किंवा चिपा नाहींत. अलेक्झांडरसन या इंजिनियरानें योजलेलें एक प्रचंड फिरतें जनित्र आहे. त्याची कंपनसंख्या १७.२ किलोहर्ट्झ. २००४ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. हें यंत्र वर्षांतून एक-दोन वेळां मुद्दाम चालविलें जातें, आणि तेव्हां निरनिराळ्या देशांचे हौशी लोक आपापल्या घरगुती तारा लावून तें ऐकावयास बसतात.

इंग्लंडास आपल्या वसाहतींशीं बिनतारीनें जोडण्याची जी पहिली योजना होती, तीहि अशाच दीर्घ लहरींची होती. परंतु हिंदुस्थानापुरती ती त्या रूपांत तडीस गेली नाहीं. मध्यंतरीं मार्कोनीच्याच प्रयोगांनीं असें दाखविलें कीं, आंखूड लहरी एका दिशेस वळविल्या असतां थोड्या शक्तींत हजारों मैल जातात. त्याप्रमाणें १९२७ सालीं पुण्याजवळ खडकी येथें पाठविण्याचें व दौंड येथें घेण्याचें केंद्र सुरू झालें; पलीकडे इंग्लंडांत त्यांचीं जोडकेंद्रें ग्रिम्स्बी व स्केगनेस येथें होतीं. दौंडचें नांव आपल्याला रेल्वेच्या जंक्शनामुळें ठाऊक आहे, परंतु इंग्लंडच्या तारा आकाशमार्गें तेथें उतरत असत हें फारच थोड्यांस माहीत असतें.

मग दीर्घ लहरींचें काम संपलें काय? तसें झालें नाहीं. समुद्राचें खारें पाणी विजेचें वाहक असल्यामुळें आंखूड लहरी त्याच्या पृष्ठभागींच विरून जातात. अतिदीर्घ लहरी मात्र कांहीं मीटर खोल शिरतात. म्हणून पाणबुडीस निरोप द्यावयाचा तर हाच मार्ग. तमिळनाडूंत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम्‌ येथें भारतीय नौदलाचें केंद्र १९९० सालापासून आहे. त्यास कट्टबोम्मन या वीराचें नांव दिलें आहे. त्याची कंपनसंख्या १८.२ किलोहर्ट्झ व तेथील सर्वांत उंच मनोरे सुमारें ४७१ मीटरांचे आहेत. भारतांत माणसानें उभारलेल्या वस्तूंत त्यांचा क्रमांक अगदीं वरचा. तरी वर सांगितलेल्या चतुर्थांशाचा तो जेमतेम नववा हिस्सा! अशी अपुरी एरियल चालावी म्हणून तिच्या पायथ्याशीं मोठीं वेटोळीं व वरच्या बाजूस तारांचें विस्तीर्ण छत्र घालावें लागतें, आणि एवढें करूनहि पुष्कळ शक्ति जमिनींत उष्णतेच्या रूपानें वाया जाते.

या पार्श्वभूमीवर हौशी प्रयोगकारांचें साहस पाहावें. २०१० सालीं जर्मनींतील हौशी मंडळींनीं पुनः मार्कोनीचाच पतंग हातीं घेतला आणि सुमारें शंभर मीटर तार आकाशांत चढवून ८.९७ किलोहर्ट्झवर संकेत पाठविले. या लहरीची लांबी सुमारें ३३ किलोमीटर. तारेंत शेंकडों वॅट ओतावे तेव्हां लहरींच्या रूपानें बाहेर पडते ती शक्ति एका वॅटच्या कांहीं हजारांशांइतकी. एवढ्याशा शक्तीचे संकेतहि दूरच्या श्रोत्यांनीं तासन्‌तास नोंद घेऊन, गणितानें गोंगाट बाजूस सारून, ओळखून काढले. पुढें २०१२ सालीं जिनीव्हा येथील जागतिक परिषदेनें ८.३ ते ११.३ किलोहर्ट्झ हा पट्टा विजेचा शोध घेणाऱ्या हवामान-यंत्रांसाठीं राखून ठेविला, आणि हौशी मंडळी त्याच्या खालीं, ८.२७ किलोहर्ट्झच्या आसपास, सरकली. विजेचे संकेत ऐकणाऱ्या यंत्रास त्रास होऊं नये म्हणून माणसानें आपली जागा सोडली, ही गोष्ट मला त्या पतंगाहूनहि अधिक मोलाची वाटते. असें कां, तें पुढें येईल.

आपल्या विद्यार्थ्यांनीं असा पतंग चढवूं नये. तारेच्या टोंकाशीं हजारों व्होल्टांचा दाब असतो, आणि परवान्यावांचून कोणत्याहि लहरींवर संकेत पाठविणें आपल्या देशांत गुन्हा आहे. ज्यास पाठविण्याचीच हौस असेल त्यानें केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची हौशी चालकांची परीक्षा द्यावी. बारा वर्षांच्या मुलासहि ती देतां येते, आणि उत्तीर्ण झाल्यावर ‘व्हीयू’ या अक्षरांनीं आरंभ होणारें स्वतःचें संकेतनाम मिळतें. ऐकण्याचें काम मात्र आजच्या आज आरंभितां येईल.

येथें चौकस वाचक विचारील कीं, पाठविण्यास जर चार किलोमीटरांची तार अपुरी, तर ऐकण्यास हातभर चौकट कशी पुरेल? आठवड्याच्या बाजारांत उभे राहून दूरच्या मित्राची हांक ऐकावयाची आहे अशी कल्पना करा. कानास मोठा कर्णा लाविला तर मित्राचा आवाज वाढेल खरा, परंतु बाजाराचा कलकलाटहि त्याच प्रमाणांत वाढेल. ऐकूं येण्यांत लाभ कांहींच नाहीं. अतिदीर्घ लहरींच्या पट्ट्यांत साऱ्या पृथ्वीवरील विजांचा असा कलकलाट अहोरात्र चालूं असतो. म्हणून लहान एरियलनें संदेश क्षीण येतो, परंतु गोंगाटहि तितकाच क्षीण येतो, आणि दोहोंचें प्रमाण बदलत नाहीं. जी क्षीणता आली ती चांगल्या वर्धकानें भरून काढतां येते. पाठविणारास ही सवलत नाहीं. त्याची वाया गेलेली शक्ति कोणीहि परत आणून देत नाहीं.

चौकट करावयाची ती अशी. दोन लांकडी पट्ट्या अधिकाच्या चिन्हाप्रमाणें एकमेकींवर ठोकून चारी टोंकांस खाचा पाडाव्या, आणि एक मीटर बाजूचा चौरस होईल अशा बेतानें त्यांवर तांब्याच्या एनॅमल तारेचे पन्नास वेढे घ्यावे. तार २०० मीटर लागेल. मोटारी रिवायंडिंग करणाऱ्यांच्या दुकानांत २६ नंबरची तार वजनावर मिळते. सुमारें ३०० ग्रॅम पुरे होते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींतून काढलेली तार स्वस्त मिळते म्हणून कोणी ती घेऊं नये. तिचें एनॅमल करपलेलें असल्यानें वेढे आंतल्या आंत एकमेकांस चिकटतात आणि सारा खटाटोप फुकट जातो. तारेचीं दोन्ही टोकें एका लहान वर्धकास जोडावीं. एनई ५५३२ या क्रमांकाची आठ पायांची चिप या कामास फार चांगली. तिला वीज नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्यांनींच द्यावी, भिंतींतील प्लगांतून देऊं नये. वर्धकाच्या दुसऱ्या टोंकास कानांत घालण्याचे श्रवणक, किंवा संगणकाचें मायक्रोफोनचें भोंक.

या यंत्रांत एक मौज आहे. साध्या रेडिओंत लहरींवर लादलेला आवाज सोडवून घेण्यासाठीं खास योजना लागते. येथें तिची गरज नाहीं. मनुष्याचा कान सेकंदास वीसपासून वीस हजारपर्यंत कंपनें ओळखतो, आणि या लहरींचीं कंपनें बहुतेक त्याच मर्यादेंत असतात. म्हणून त्या विजेच्या लहरी नुसत्या मोठ्या करून श्रवणकांत सोडल्या, कीं कानास सरळ ऐकूं येतात.

परंतु घरांत बसून पहिल्यानें काय ऐकूं येईल, तर एक अखंड घुमणारा ‘हूं’कार. घरांतील विजेच्या तारांतून सेकंदास पन्नास कंपनें करणारा प्रवाह वाहतो, त्याचा हा प्रताप. यावर उपाय एकच, गांवापासून दूर जाणें. हा उपाय फार जुना व फार प्रतिष्ठित आहे. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली व तेथें १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्राम धांवणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें नाजुक चुंबकसूया विचलित होतील हें ओळखून त्या वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनीं खाडीपलीकडे अलिबाग येथें नवीन वेधशाळा उभारली. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेऊन जुन्यानव्यांचा मेळ घातला, आणि मग कुलाब्याचें काम थांबविलें. मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली ती १९०७ सालीं. संकट येण्यापूर्वींच हालचाल केल्यामुळें मापांची ती परंपरा तुटली नाहीं व अलिबागेस आजहि चालूं आहे. आपल्याला तर खाडी ओलांडावयाची नाहीं; महावितरणाच्या खांबांपासून अर्ध्या किलोमीटरावर एखादें मोकळें शेत पुरे.

तेथें सूर्यास्तानंतर श्रवणक कानास लावावे. प्रथम तव्यावर फुटाणे उडावे तसा तडतडाट ऐकूं येईल. हीं सर्व निरनिराळ्या विजांचीं उत्तरें. कांहीं जवळच्या, कांहीं हजारों किलोमीटर दूरच्या, कारण जमीन आणि वातावरणाचा विद्युद्‌भारित वरचा थर यांच्यामधून या लहरी एखाद्या लांब दालनांतून जाव्या तशा जातात. रात्र चढल्यावर त्या तडतडाटांत ‘टिंऊं’ असा एक गोड, पाण्याचा थेंब हौदांत पडल्यासारखा आवाज मिसळूं लागतो. त्याचें कारण तें दालनच. ज्या लहरीची अर्धी लांबी दालनाच्या उंचीहून अधिक, ती आंत चालूंच शकत नाहीं. आणि त्या मर्यादेजवळच्या लहरी चालतात, परंतु मागें रेंगाळतात. म्हणून उंच स्वर आधीं पोंचतो, खालचा स्वर मागून घसरत येतो. दिवसां खालचा थर या लहरी शोषून घेतो, यास्तव हा आवाज रात्रींचाच.

आतां यांतला खरा लाभ पाहा. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनानें या ध्वनीचें चित्र काढिलें, तर ती घसरण ज्या कंपनसंख्येशीं येऊन थांबते ती वाचतां येते. ती १,७०० आली असें समजूं. तीन लक्षांस १,७०० नीं भागून लहरीची लांबी १७६ किलोमीटर. तिची निमपट ८८ किलोमीटर. वाशीमच्या शिवारांत बसून, लांकडाच्या चौकटीनें, आकाशाच्या छताची उंची मोजली गेली! अलाहाबाद, बनारस व नैनीताल येथील शास्त्रज्ञांनीं याच आवाजांवरून रात्रींच्या त्या थराचा अभ्यास केला आहे. त्यांचीं यंत्रें अर्थातच अधिक सूक्ष्म. भागाकार मात्र हाच. पहिल्या महायुद्धांत बार्कहाउझेननें ऐकलेली आणि १९५३ सालीं स्टोरीनें उलगडलेली विजेची लांब ‘शीळ’ हा याहून विलक्षण प्रकार आहे. ती पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून दूर अवकाशांत जाऊन येते. परंतु आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळें ती येथें फार दुर्मिळ, म्हणून तिच्या आशेनें रात्री जागवूं नयेत.

विजयनारायणम्‌चें केंद्र वाशीमहून जवळजवळ सरळ दक्षिणेस, सुमारें १,३०० किलोमीटरांवर आहे. चौकटीची कड दक्षिणोत्तर धरिली कीं तें बलवान्‌ लागतें, पूर्वपश्चिम फिरविली कीं मंदावतें. १८.२ किलोहर्ट्झचा स्वर पुष्कळांच्या कानास ऐकूं येत नाहीं. संगणक मात्र सेकंदास ४८,००० नमुने घेऊन २४ किलोहर्ट्झपर्यंतची नोंद करितो. दिवसभर त्या संकेताच्या बळाची नोंद ठेविली आणि भर दुपारीं ती रेषा एकाएकीं उसळली, तर सूर्यावर ज्वाला भडकून वातावरणाच्या त्या थरावर परिणाम झाला असा तर्क बांधावा, व दुसऱ्या दिवशीं अधिकृत नोंदीशीं ताडून पाहावा.

आतां मघाशीं राखून ठेविलेली गोष्ट. माणसास चार किलोमीटरांची एरियल उभारतां आली नाहीं. वीज ती क्षणांत उभारते. ढगापासून जमिनीपर्यंतची तिची वाट कांहीं किलोमीटर लांब, तींतून तीस हजार अँपियरांच्या सुमाराचा प्रवाह धांवतो, आणि म्हणून तिच्या लहरींचा जोर नेमका ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत अधिक असतो. ही तिची ओळख फार दूरवर पटते. समजा, पैनगंगेच्या खोऱ्यांत वाशीमजवळ वीज पडली. तिची लहर सुमारें २३५ किलोमीटरांवरील नागपुरास ०.७८ मिलिसेकंदांत पोंचेल, आणि सुमारें ३८५ किलोमीटरांवरील पुण्यास १.२८ मिलिसेकंदांत. दोहोंतील फरक अर्ध्या मिलिसेकंदाचा. असे फरक चार-पांच ठिकाणचे मिळाले, कीं वीज कोठें पडली तें भूमितीनें काढतां येतें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें देशांत ऐंशींहून अधिक ठिकाणीं बसविलेल्या यंत्रांचें जाळें याच तत्त्वावर चालतें. तीं यंत्रें आपल्या चौकटीहून कितीतरी रुंद पट्टा ऐकतात, ढगांतल्या ढगांतील चमकहि टिपतात, आणि त्यांवरून ‘दामिनी’ हें मोबाईलवरील साधन वीस व चाळीस किलोमीटरांच्या टापूंतील विजांची सूचना देतें.

आपल्या जिल्ह्यांत ही सूचना शोभेची नाहीं. वैशाख-ज्येष्ठांत, आणि पुनः परतीच्या पावसांत, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत, माणसें उघड्या रानांत असतात. पाऊस आला कीं जवळच्या निंबाखालीं किंवा बाभळीखालीं धांवतात, आणि वीज नेमकी तेथें पडते. ज्याच्या हातीं मोबाईल नाहीं त्यानें तोंडानें मोजावें. चमक दिसतांच एक, दोन, तीन असे सेकंद मोजूं लागावें व गडगडाट ऐकूं येतांच थांबावें. आलेल्या आंकड्यास तिहींनीं भागिलें कीं तितके किलोमीटर वीज दूर. तिसाच्या आंत आंकडा आला तर काम टाकून पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत बाहेर निघूं नये. जवळ घर नसेल तर झाडापासून व तारेच्या कुंपणापासून दूर, सखल जागीं, पाय जुळवून उकिडवें बसावें. आडवें पडूं नये.

चौकटीसहि हाच नियम. झाडावर किंवा माळवदाच्या काठीस लांब तार बांधण्याचा मोह या दोन ऋतूंत मुळींच धरूं नये. शेतांतील प्रयोगास पौष व माघ हे महिने उत्तम. तेव्हां आपलें आकाश कोरडें असतें, आणि हिंदी महासागरापलीकडच्या विजा तेवढ्या ऐकूं येतात. उन्हाळ्यांत चौकट घरांत ठेवावी, दर पांच मिनिटांत किती कडकडाट झाले तें वहींत मांडावें, आणि खरी गडगड कानावर येतांच संगणकाची तार काढून ठेवावी.